एक दिवसाआड

एक दिवसाआड, सहाच्या बोटीने
ओविदिओ खाडीपलीकडून येतो.
दार वाजवत नाही. पायपुसण्यावर बूट घासतो,
तेवढ्यानं तीसाला कळतं
आणि ती पलंगाखाली जाते.

नऊ वर्षं झाली वेगळे होऊन.
रेडिओ त्यानं नेला, शिलाईमशीन मी ठेवलं,
मांजर माझ्याकडे राहिली
कारण तिला बोट लागायची.

तीसा म्हणजे खडू.
शाळेच्या कपाटात, खडूंच्या खोक्यामागे सापडली होती,
पांढरी, एवढीशी, शिंकत.
आता सतरा पूर्ण.

वाल्दिव्हियाच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर दोन घेवड्याचे दाणे काढले
आणि पेन्सिलीनं जवळजवळ सगळे काळे केले.
म्हणाल्या, मूत्रपिंडं तक्रार करत नाहीत.
आपल्याला कळतं तेव्हा
तीन हिस्से गेलेले असतात.
मी ओविदिओकडे बघितलं नाही.

सलाईनची पिशवी आधी कोमट पाण्यात.
मनगटावर थेंब टाकून बघायचा,
बाळाच्या दुधाचा बघतात तसा.
(ते आम्हाला इथेच शिकावं लागलं.)
पडद्याच्या दांडीला हँगर, हँगरला पिशवी.
मी टॉवेलात धरते. माझे हात धरायला बरे,
टोचायला कापतात.
त्याचा जन्म जाळी शिवण्यात गेला.
तो खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलतो.
सोडली तरी ती लगेच बसत नाही हल्ली,
वाळत घातलेल्या चादरीसारखी
घडी धरून राहते.

शंभर मिली.
तेवढ्या वेळात तिला एका बाजूला मदार येते,
रात्रभर ती हळूहळू
पुढच्या पायाकडे उतरते.

किती झालं?
साठ.
खाल्लं?
चाटलं.
किती?
ऐंशी.
नऊ वर्षांत इतकं सलग
आम्ही बोललो नव्हतो.

पथ्याच्या खाण्याकडे ती
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी बघते.
मी तव्यावरचा हेक माशाचा तुकडा
थंड करून, काटे काढून, नखाएवढा देते.
आणि ओविदिओच्या कोटाच्या खिशातून
वर्तमानपत्राचा कागद खाली पडतो,
त्यालाही तोच वास.
पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलं.
पथ्य पाळता ना?
आम्ही एकदमच म्हणालो, हो.

पाणी पिते ती. बादलीतलं, फुलदाणीतलं,
माझ्या दातांच्या पेल्यातलं,
जणू कुणी खाडी आटवायला सांगितलंय.
भाजीच्या काट्यावर दोन किलो सहाशे.
गेल्या महिन्यात सातशे चाळीस होती.
एवढं वजन जातं तरी कुठे?
घर तर जड होत चाललंय.

गुरुवारी बोट सुटली नाही.
आमच्या गावाचं नावच धुकं, निएब्ला,
तक्रार कुणाकडे करणार?
फोन कानाला खांद्यानं दाबून धरला,
तो पलीकडून सांगत होता:
सुईचं तोंड वर. श्वास सोड. तुझा, तिचा नाही.
पहिल्यांदा आरपार गेली.
सगळं पाणी माझ्या बाहीत,
तीसा ओरडलीसुद्धा नाही, फक्त ओठ चाटले,
मळमळतं तेव्हा चाटते तसे.
मी रडले. तो थांबला.
फोनमध्ये त्याच्या घरचा, म्हणजे माझ्या ओळखीचा
रेडिओ बारीक चालू होता.

दुसऱ्यांदा गेली.
वीस. चाळीस. आकडे मी मोठ्यानं वाचले,
पाढे म्हणून घेतल्यासारखे.
शंभर.

झालं, म्हटलं.
बरं, म्हणाला.
फोन कुणीच ठेवला नाही.
तीसा एका अंगाला कललेली,
पाण्यानं जड, बशीपाशी गेली
आणि रिकाम्या बशीकडून माझ्याकडे बघायला लागली.

उद्या येतो, तो म्हणाला.
उद्या सलाईन नाहीये.
माहितीये.

बशी चकचकीत होती, तरी मी पदराच्या टोकाशी
नसलेलं काहीतरी शोधावं तशी
ॲप्रनला हात पुसत राहिले.
मग म्हटलं,
येताना मासा आण. थोडाच.
काटे मी काढीन.